बोंडूंचा चोथा, पेंढा आणि सोडणं: जंतू आणण्याआधी माल ओळखा

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका तरुण बागायतदाराने विचारलं आहे: घरची काजूची बाग आहे, खाली माड-पोफळींचं कुळागर, दोन शेतं भाताची, गोठ्यात तीन गायी. हंगामात बोंडूंच्या, म्हणजे काजूच्या फळांच्या, चोथ्याचा ढीग पडतो आणि दोन दिवसांत त्याला वास सुटतो. सुपारीची सालं, झावळ्या, सोडणं (नारळाची सालं) वर्षभर साठत राहतात. पेंढा निम्मा भिजून वाया जातो. एक विक्रेता सगळ्या कचऱ्याला चालणारं 'कल्चर', म्हणजे जंतूंचं विरजण, आणि त्यासोबत काही लाखांचं यंत्र देतो म्हणतो. खत, गॅस, गुरांचं खाद्य सगळं त्यातूनच निघेल असं त्याचं म्हणणं. घ्यावं का? आणि घेऊ नये तर जंतूंच्या मदतीने यातून पैसा मिळेल असं नेमकं काय करावं?

यंत्र घेऊ नका. मी 22 वर्षं या सूक्ष्मजीवांवरच पोट भरतो आहे, आधी प्रयोगशाळेत नोकरी, मग फोंड्याच्या बाजूला स्वतःची अळंबीची शेड आणि बियाण्याची लहानशी लॅब. एवढ्या वर्षांत सगळ्या कचऱ्याला चालणारा एक जंतू मला भेटलेला नाही. तुमच्याकडे जो आहे तो एक कचरा नाही, निदान चार वेगवेगळे माल आहेत. प्रत्येकाची घडण वेगळी, ओल वेगळी, येण्याचा महिना वेगळा. हे आधी नीट पाहिलं की कुठला जंतू लावायचा ते जवळजवळ आपोआप ठरतं. जंतू हा या सगळ्या धंद्यातला सर्वांत स्वस्त भाग आहे.

आपल्याकडची चिऱ्याची भिंत डोळ्यांसमोर आणा. तिच्यात चिरे असतात आणि चिऱ्यांना धरून ठेवणारा चुना असतो. झाडाच्या काडीत सेल्युलोज म्हणजे चिरे, लिग्निन म्हणजे चुना. हेमिसेल्युलोज या दोघांच्या मधलं, सैलसं. आणि काही मालात या भिंतीच्या आत मोकळी साखर भरलेली असते. साखर खायला यीस्ट आणि दह्यातले जंतू काही तासांत धावून येतात, त्यांना बोलवावंही लागत नाही. सेल्युलोज फोडणाऱ्या बुरशी आणि जिवाणू पुष्कळ आहेत, पण चिऱ्यांपर्यंत पोचायला त्यांना वाट हवी. लिग्निनचा चुना खरवडणारे मात्र थोडे. त्यात मुख्य म्हणजे लाकूड पांढरं करून कुजवणाऱ्या बुरशी, आणि आपली धिंगरी अळंबी (ऑयस्टर मशरूम) त्यांच्यातलीच. दोना पावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत तर खाऱ्या पाण्यात राहून लिग्निन फोडणाऱ्या बुरशींवर वर्षानुवर्षं काम झालं आहे. या बुरशी खारफुटीच्या कुजत्या लाकडावर राहतात.

हेच काम आपल्या रानात फार आधीपासून चाललेलं आहे. पावसात रोणावर, म्हणजे वारुळावर, जी अळमी उगवते ती वाळवीची शेती आहे. वाळवी पाला-काटक्या चावून वारुळात नेते, तिथे त्यावर ती बुरशी वाढवते, बुरशी लिग्निन फोडते आणि मऊ झालेला माल वाळवी खाते. वाळवीला काडी एकटीने पुरती पचत नाही. माणसालाही तेच करायचं आहे, फक्त वारुळाऐवजी शेड बांधून. म्हणूनच रोणं फोडून अळमी उपटू नका, एवढं जाता जाता सांगतो. ती वाळवीशिवाय शेडमध्ये पिकवणं फार कठीण आहे.

आता तुमच्या मालाकडे येऊ. सुरुवात पेंढ्यापासून करा, कारण पहिला रोख पैसा तिथून येतो.

पेंढ्यात मोकळी साखर नाही, नत्र फार कमी. कार्बन आणि नत्राचं प्रमाण साधारण 80 ला 1, त्यात सिलिका भरपूर. म्हणून तो खतात लवकर कुजत नाही आणि गायीलाही त्यातून फारसं काही मिळत नाही. पण धिंगरीला नेमकं हेच आवडतं, कारण इतर जंतूंना इथे पटकन खायला काही नसतं आणि तिला चढाओढ कमी पडते. एक किलो कोरड्या पेंढ्यातून 600 ते 800 ग्रॅम ताजी अळंबी धरून चला. कुणी किलोला दीड किलो सांगितलं तर त्याच्या शेडमध्ये जाऊन स्वतः वजन करा.

पेंढा कुठला घ्यायचा यावर माझं ठाम मत आहे: वायंगणीचा, म्हणजे उन्हाळी भाताचा. शरदातलं भात कापायच्या वेळी परतीचा पाऊस असतो, पेंढा शेतातच भिजतो आणि आपण आणण्याआधीच रानटी बुरशी त्यात घर करून बसते. वायंगणीचा पेंढा मार्च-एप्रिलच्या कडक उन्हात वाळतो, सोनेरी राहतो. तोच माळ्यावर चढवून ठेवा आणि पावसाळ्यात वापरा. हवेत आर्द्रता फुकट मिळते त्या दिवसांत धिंगरी उत्तम येते. 20 ते 30 अंश तापमान आणि 80-85 टक्के आर्द्रता तिला हवी, आणि जून ते फेब्रुवारी गोव्यात तेवढं बहुतेक मिळून जातं. एप्रिल-मेमध्ये धिंगरीशी झटापट करण्यापेक्षा दुधी अळंबी लावा, ती 30-35 अंशांतही खूश असते.

कृती वरवर सोपी आहे. पेंढ्याचे चार-पाच सेंटिमीटरचे तुकडे करायचे, रात्रभर पाण्यात भिजवायचे, मग 80 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचे. उकळून लगदा करायचा नाही. सगळे जंतू मारायचे नाहीत, उपद्रवी तेवढे दबवायचे आहेत. मग निथळायला उतरत्या फरशीवर पसरायचं. इथे घाई करणारे बुडतात. मूठभर पेंढा घेऊन जोर लावून पिळा. बोटांच्या फटीतून पाण्याची धार लागली तर अजून ओला आहे. एक-दोन थेंब येऊन थांबले आणि तळहात ओलसर राहिला की बरोबर, साधारण 65 टक्के ओल. तळहात कोरडाच राहिला तर जास्त सुकला. मी अजूनही मीटरपेक्षा मुठीवर जास्त विश्वास ठेवतो.

मग पिशवीत पेंढ्याचा थर, त्यावर कडेकडेने बियाणं, पुन्हा थर. बियाणं म्हणजे उकडलेल्या गव्हावर किंवा ज्वारीवर वाढवलेली बुरशी. एक किलो कोरड्या पेंढ्याच्या पिशवीला शंभर ग्रॅमच्या आसपास पुरतं. पिशवीला दहा-बारा भोकं पाडायची आणि काळोख्या खोलीत ठेवायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दाण्याभोवती कापसाचा हलका धुरळा दिसतो, पंधरा ते वीस दिवसांत पिशवी आतून पांढरी घट्ट होते, दाबली तर वडीसारखी लागते. मग प्लास्टिक काढायचं, उजेड आणि ताजी हवा द्यायची, दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा फवारा. आठवड्याच्या आत टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके येतात. दोन-तीन दिवसांत त्यांचे पंखे होतात. कड आत वळलेली असतानाच काढा. कड सरळ होऊन पातळ झाली की अळंबी बीजाणू सोडते, शेडमध्ये पिठासारखा धुरळा बसतो आणि काम करणाऱ्यांना खोकला लागतो. घरातली बायका-माणसंच शेड सांभाळत असतील तर नाकाला मास्क पहिल्या दिवसापासून. मी हे उशिरा शिकलो आणि माझ्याकडे काम करणाऱ्या एका बाईंना दम्यासारखा त्रास झाला, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आणखी एक चूक माझ्याच शेडमधली. तिसऱ्या वर्षी ऐन जुलैत 140 पिशव्यांवर हिरवे डाग आले. आधी पांढरी बुरशी, मग त्यावर शेवाळासारखी हिरवी भुकटी. ती ट्रायकोडर्मा होती. आणि ती आली कुठून? शेडला लागूनच पडवीत मी सुपारीच्या सालांचा खताचा ढीग लावला होता आणि त्यावर ट्रायकोडर्माचं कल्चर शिंपडलं होतं. खतात आणि मुळांपाशी हीच बुरशी आपली मैत्रीण, रोगकारक बुरशींना ती दाबते. अळंबीच्या पिशवीत तीच धिंगरीला खाऊन टाकते. 'सगळ्याला चालणारं कल्चर' आणू नका असं मी म्हणतो त्याचं खरं कारण हे आहे. अळंबीची शेड वाऱ्याच्या वरच्या अंगाला, खताचे ढीग खालच्या अंगाला आणि शक्य तितके लांब. ढिगात हात घालून आलेला माणूस आंघोळ केल्याशिवाय शेडमध्ये नको.

तीन बहर निघाले की उरलेला पेंढा फेकायचा नाही. लिग्निन बरंच फुटलेलं असतं, तो मऊ होतो. हिरवा-काळा डाग नसेल तर थोडा थोडा गुरांना घालता येतो, नाहीतर थेट खताच्या ढिगात. एकाच पेंढ्यातून अळंबी आणि खत असे दोनदा पैसे.

आता बोंडू. यात मला सगळ्यांत जास्त जीव आहे, कारण आपण ज्याला टाकाऊ म्हणतो त्यात सगळ्यांत जास्त माया भरलेली आहे. काजूच्या बीपेक्षा बोंडाचं वजन सहा ते दहा पट. म्हणजे शंभर किलो बी विकलीत तर निदान सहाशे किलो बोंडू बागेत आला होता. रस काढून हुर्राक आणि फेणी करणारे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, 2009 मध्ये फेणीला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण कोळंबीत, म्हणजे बोंडू तुडवायच्या कुंडात, तुडवून, नीरो म्हणजे रस निथळून झाल्यावर जो चोथा उरतो त्याचं काय होतं हे तुम्हीच लिहिलं आहे. त्यात साखर उरलेली असते, तंतू असतात, तुरट टॅनिन असतं आणि पाऊण भाग पाणी. इतकं ओलं आणि गोड काही उघड्यावर ठेवलं की चार तासांत यीस्ट दारू करायला लागतं, दुसऱ्या दिवशी ॲसिटोबॅक्टर हा जिवाणू तिचा शिरका, म्हणजे व्हिनेगर, करायला लागतो, तिसऱ्या दिवशी अळ्या. चोथ्याला वेळ नसतो. त्याचं जे करायचं ते त्याच दिवशी.

गोठा असलेल्या घराला माझा पहिला सल्ला मुरघासाचा. हवा बंद केली की यीस्ट आणि बुरशी मागे पडतात आणि दह्यातल्या जंतूंचे भाऊबंद साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात. सामू (pH) 4 च्या आसपास आला की माल लोणच्यासारखा टिकतो. अडचण एकच, चोथा फार ओला असतो. त्यावर उपाय तुमच्याच माळ्यावर आहे: चार भाग चोथ्याला एक भाग बारीक कापलेला कोरडा पेंढा. हिशोब करून पाहा. चोथ्यात 75 टक्के पाणी, पेंढ्यात 12 टक्के धरलं तर मिश्रणात 62 टक्के येतं, मुरघासाला हवं तेवढंच. पेंढा पाणी आणि साखर दोन्ही शोषतो, गळून जाणारा रस वाचतो आणि बेचव पेंढ्याला चव येते. वेगळा गूळ घालायची गरज नाही.

झाकणाच्या निळ्या पिंपात किंवा जाड दुहेरी पिशवीत थोडं थोडं भरा आणि प्रत्येक थर पायाने दाबा. द्राक्षाच्या मण्याएवढीही हवेची पोकळी नको. वर प्लास्टिक, त्यावर वाळूची पोती. चाळीस दिवसांनी उघडा. चांगल्या मुरघासाला आंबट, कैरीच्या लोणच्यासारखा वास येतो, रंग पिवळट तपकिरी, हाताला चिकट नाही. दारूचा भपकारा आला, कुजक्या लोण्याचा वास आला किंवा कापसासारखी बुरशी दिसली तर ते गायीपुढे टाकू नका, खतात घाला. बुरशीचं विष दुधात उतरतं. चांगला मुरघासही सुरुवातीला किलो-दीड किलोच, आठ-दहा दिवसांत चार-पाच किलोंपर्यंत वाढवा, कायम सुक्या चाऱ्यासोबत. ताजा आंबलेला चोथा गुरांना भरपेट घालणारे लोक मी पाहिले आहेत. त्याने पोट आम्लाने भरतं, गाय रवंथ सोडून बसते, आणि ती उठेलच असं नाही. गाभण गायीला द्यायच्या आधी पशुवैद्यांशी बोला.

चोथ्यावर यीस्ट किंवा बुरशी वाढवून प्रथिनं वाढवता येतात, टॅनिन फोडणारी एन्झाइम्स बनवता येतात, यावर ब्राझीलमध्ये आणि केरळात चांगलं संशोधन झालं आहे. ते खरं आहे. पण त्याला निर्जंतुक खोली, तापमानाचा ताबा आणि रोजची चाचणी लागते. घरच्या पडवीत ते करायला जाऊ नका.

बागेत नुसती बी वेचून बोंडू तिथेच कुजायला सोडता, तो भाग असेल तर त्याचा शिरका करा. माडाच्या सुरेपासून आपल्याकडे शिरका होतोच, व्हिंदालू आणि सोरपोतेलला तोच लागतो. काजूचा त्याच वाटेने जातो. आधी यीस्ट साखरेची दारू करतं, मग ॲसिटोबॅक्टर हवेतला प्राणवायू घेऊन दारूचं ॲसेटिक आम्ल करतो. पहिल्याला हवा नको, दुसऱ्याला हवा हवीच. हे दोन टप्पे एकाच भांड्यात एकदम उरकायला गेलात तर पातळ, कुबट काहीतरी मिळेल.

स्वच्छ, न फुटलेली, त्याच दिवशी गळलेली बोंडं धुऊन रस काढा. घशाला खवखव आणणारं टॅनिन आधी काढावं लागतं. लिटरला पाच ग्रॅम साबुदाण्याचं पीठ थोड्या पाण्यात शिजवून, थंड करून रसात मिसळा. बारा तासांत टॅनिन गाळासारखं खाली बसतं आणि वरचा रस नितळ, सोनेरी होतो. पहिल्यांदा करणाऱ्याने तो क्षण जरूर पाहावा: वर गढूळ पाणी, मग मधोमध एक स्वच्छ पट्टा, आणि सकाळपर्यंत तळाला ढगासारखा गाळ. त्या नितळ रसात दहा-बारा टक्के साखर असते. शंभर ग्रॅम साखरेतून हिशोबाने 51 ग्रॅम अल्कोहोल निघतं, प्रत्यक्षात 45 च्या आसपास. एक ग्रॅम अल्कोहोलचं कागदावर 1.3 ग्रॅम आम्ल होतं, पण उडून जाणारं वजा जाता साडेचार-पाच टक्क्यांचा शिरका मिळतो. अन्नसुरक्षेच्या नियमांत किमान 3.75 टक्के आम्ल लागतं, म्हणजे पाणी न घालता आपण सहज बसतो.

यीस्टचा टप्पा चार-सहा दिवसांत संपतो. बुडबुडे थांबले की वरचं पाणी गाळून रुंद तोंडाच्या काचेच्या किंवा चिनीमातीच्या बरणीत घ्या, त्यात चौथा हिस्सा न तापवलेला जुना शिरका विरजण म्हणून घाला आणि तोंडाला घट्ट विणीचं कापड बांधा. जाळीचं कापड चालत नाही, बारीक माश्या आत शिरतात. पाच-सहा दिवसांनी वर सायीसारखा पातळ पडदा येतो. तो हलवू नका, ढवळू नका, तेच तुमचे कामगार आहेत. सहा-आठ आठवडे थांबा. ॲल्युमिनियम, तांबं, लोखंड कशालाही लावू नका, आम्ल धातू खातं. विकायचा असेल तर आम्लाचं प्रमाण लॅबमधून तपासून घ्या. मधल्या टप्प्यात तुमच्या बरणीत दारूच असते, म्हणून धंदा म्हणून करण्याआधी अबकारी कार्यालयात विचारून लेखी घ्या, अन्नपदार्थांची नोंदणीही करा. ही कटकट आहे, पण एकदाच करायची आहे.

फेणीची भट्टी शेजारी असेल तर भाणात, म्हणजे भट्टीच्या मडक्यात, उरणारं आंबट गरम पाणी ओहोळात किंवा पाटात सोडू देऊ नका. त्यातलं सेंद्रिय द्रव्य कुजवताना जंतू पाण्यातला सगळा प्राणवायू पितात आणि मासे वर येतात. ते थंड करून, चुना घालून, कोरड्या पाल्याच्या ढिगावर ओल म्हणून वापरा.

कुळागराचा माल, म्हणजे झावळ्या, पोफळीच्या पोया (पानांचे रुंद देठ), सुपारीची सालं, सोडणं, हा सगळा लिग्निनचा. एक हेक्टर चांगल्या माडबागेत वर्षाला सहा-आठ टन नुसता झावळ्यांचा माल पडतो. इथे अळंबीसारखा झटपट पैसा नाही, पण विकत आणायचं खत वाचतं, आणि कुळागरात तेच मोठं आहे. माल जितका बारीक कराल तितका वेळ वाचेल, म्हणून विक्रेत्याच्या यंत्राऐवजी तेवढे पैसे झावळ्या बारीक करणाऱ्या कटरवर घाला, तेही चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून.

ढिगात कार्बन-नत्र 25-30 ला 1 आणायचं. झावळ्या आणि सालांत नत्र नाही, गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडियाच्या) पाल्यात आणि शेणात आहे. एक थर कोरडा, त्यावर गिरिपुष्पाचा पाला, त्यावर शेणाची स्लरी. कल्चर हवंच असेल तर गाझियाबादच्या राष्ट्रीय सेंद्रिय शेती केंद्राने काढलेलं वेस्ट डिकंपोजर फार स्वस्तात मिळतं. 200 लिटर पाण्यात दोन किलो गूळ आणि एक बाटली, रोज ढवळून आठवड्याभरात तयार. पण नुसतं शेण आणि जुन्या ढिगातलं घमेलंभर खत घातलं तरी काम होतं, हे माझ्या हातचं आहे.

ढीग तापला की नाही ते पहारेने बघा. पहार मधोमध खोल खुपसा, दहा मिनिटं ठेवा, ओढून टोक मुठीत धरा. धरवत नाही, चटकन सोडावी लागते, तर आत 55-60 अंश आहेत. आरामात धरता आली तर ढीग थंड आहे: एक तर ओल कमी, नाहीतर नत्र कमी, नाहीतर माल दाबून हवा बंद झाली. कोळेरोगाने गळलेली सुपारी ढिगात घालायची असेल तर ही परीक्षा टाळूच नका. तो रोग पसरवणारा फायटोफ्थोरा 55 अंशांत तीन दिवस राहिला तर मरतो, पण थंड ढिगात तो जिवंत राहतो आणि जूनमध्ये तुम्ही स्वतःच्या हाताने तो पुन्हा पोफळींच्या मुळाशी नेऊन टाकता. कडेचा माल मधे, मधला कडेला, अशी निदान तीनदा उलथापालथ करा. गरम टप्पा सरल्यावर आफ्रिकन गांडुळं सोडलीत तर अडीच-तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत खत मिळतं.

सोडणांतून काथ्या काढणारं कुणी जवळ असेल तर उरलेल्या भुश्याकडे लक्ष ठेवा. त्यात तिसरा हिस्सा लिग्निन, कार्बन-नत्र शंभराच्या वर, म्हणून तो कच्चा कुंडीत घातला तर रोपं पिवळी पडतात. तमिळनाडू कृषी विद्यापीठाने त्यावर चांगली पद्धत बसवली: एक टन भुश्याला पाच किलो युरिया आणि धिंगरीचंच बियाणं, थरावर थर, ओल राखून महिना-दीड महिना. कार्बन-नत्र चोवीसच्या आसपास उतरतं. रोपवाटिकांना हा माल कायम लागतो, आणि पर्यटनाच्या पट्ट्यातल्या हॉटेलांच्या बागांनाही. सोडणं पाण्यात कुजवून काथ्या काढायचा विचार मात्र तुमच्या ओहोळावर करू नका. तिथे पेक्टिन खाणारे जिवाणू सहा ते दहा महिने काम करतात आणि सडक्या अंड्यांचा वास मैलभर जातो.

गॅसबद्दल थोडक्यात. तीन गायींचं तीस किलो शेण दिवसाला साधारण सव्वा घनमीटर गॅस देतं, म्हणजे महिन्याला जवळजवळ एक सिलिंडर. तेवढ्यासाठी लहान दीनबंधू संच, म्हणजे जमिनीखालचा विटांचा गॅस-घुमट, बांधणं शहाणपणाचं आहे, आणि स्लरी झावळ्यांच्या ढिगाला मिळते. पण पेंढा, सोडणं, सालं त्यात घालू नका, ती तरंगतात आणि तोंड चोंदतं. बोंडूंचा चोथा तर जपून: साखरेचं आम्ल इतक्या झपाट्याने होतं की मिथेन करणारे जंतू दमतात, संच आंबतो, ज्योत विझते. शेणाच्या वीसाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको.

पेंढ्यापासून इथेनॉल होतं, तेही लोक मला विचारतात. होतं. ऑगस्ट 2022 मध्ये पानिपतला इंडियन ऑइलचा असा कारखाना सुरू झाला, 900 कोटींहून जास्त खर्चाचा, वर्षाला दोन लाख टन पेंढा घेऊन तीन कोटी लिटर इथेनॉल करायला. पंजाब-हरियाणातला पेंढा एका पट्ट्यात, एका महिन्यात मिळतो. आपली शेतं डोंगरांच्या कुशीत तुकड्या-तुकड्यांनी आहेत, तेवढा पेंढा गोळा करायच्या गाडीभाड्यातच इथेनॉल संपेल.

तुम्ही काय कराल ते क्रमाने सांगतो. येत्या मार्चमध्ये चार पिंपं मुरघास, जास्त नको. वायंगणीचा पेंढा कापणी होताच माळ्यावर. एप्रिलमध्ये पन्नास लिटर रसाचा शिरका, घरच्यापुरता आणि चवीला देण्यापुरता. मेमध्ये ओल्ड गोव्याला एला इथे कृषी विज्ञान केंद्रात अळंबीचं प्रशिक्षण घ्या, तिथेच केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थाही आहे, मातीची आणि खताची शंका तिथे विचारा. जूनमध्ये फक्त तीस पिशव्या. शंभर नाही. तीस पिशव्यांची अळंबी वाळपईच्या बाजारात आणि दोन-तीन हॉटेलांत कोण किती घेतो ते लिहून ठेवा. ताजी धिंगरी फ्रिजमध्येही तीन-चार दिवसांच्या पुढे नीट राहत नाही, त्यामुळे पिशव्या वाढवायच्या किती हे गिऱ्हाईक ठरवेल. उरलेली उन्हात वाळत नाही पावसात, म्हणून काजूगर वाळवायचा ड्रायर शेजारी कुणाकडे असेल तर आधीच बोलून ठेवा. जुलैपासून खताचे ढीग, शेडच्या खालच्या अंगाला.

आणि बियाणं घेताना पिशवीवरची तारीख बघा. महिन्यापेक्षा जुनं, पिवळं पाणी सुटलेलं किंवा आंबट वासाचं बियाणं कुणी फुकट दिलं तरी परत करा.